पायाला भिंगरी

वाचकहो, चिवडा-चकलीचे ताट पुढ्यात असताना न जेवणाऱ्या एका राणीची कथा सांगावयास बसणे औचित्याला धरून नाही, हे मला ठाऊक आहे. पण दिवाळी अंक घरातली सारीच माणसे वाचतात. आजीच्या हातातून तो सुनेच्या हाती जातो आणि अखेर कॉलेजात जाणारी नात तो पलंगावर पालथी पडून वाचून काढते. मला जे सांगावयाचे आहे ते या तिघींनीही वाचावे असे आहे, म्हणून हे धाडस.

व्हिएन्ना शहरात हॉफबुर्ग नावाचा जुना राजवाडा आहे. हाब्सबुर्ग घराण्याचे सम्राट शतकानुशतके तेथे राहिले. आता तिकीट काढले की कोणालाही आत जाता येते. सोनेरी नक्षी, लाल रेशमी भिंती, झुंबरे हे सारे तेथे यथास्थित आहे, आणि दोन-चार राजवाडे पाहून झालेल्या माणसाला त्याचे फारसे काही वाटत नाही. परंतु सम्राज्ञी एलिझाबेथच्या शृंगाराच्या दालनात पाऊल टाकले आणि मी थबकले. आरसा होता, मेज होते, आणि त्यांच्या शेजारी भिंतीला लावलेली लाकडी शिडी होती, कसरतीचा आडवा दांडा होता, आणि दाराच्या चौकटीत दोरांना टांगलेल्या दोन कड्या होत्या. आपल्याकडे तालमीत असाव्यात तशा! एकोणिसाव्या शतकातील राजस्त्रीच्या खोलीत ही सामग्री पाहून त्या काळच्या दरबारी मंडळींनी नाके मुरडली होती. आजचा प्रवासी मात्र कौतुकाने म्हणतो, बाई काळाच्या पुढे होती. मला वाटते, नाके मुरडणारे आणि कौतुक करणारे, दोघेही त्या कड्यांचा अर्थ लावण्यात सारखेच चुकले.

एलिझाबेथ ही बव्हेरियाची. जन्म म्युनिकचा, २४ डिसेंबर १८३७ चा. बाप सरदार घराण्यातला पण छांदिष्ट; मुलीचे बालपण पोसेनहोफेनच्या तळ्याकाठी घोडी, कुत्री आणि रानवाटा यांत गेले. १८५३ च्या ऑगस्टमध्ये तेवीस वर्षांचा सम्राट फ्रान्झ योझेफ बाड इशल येथे वधू पाहावयास आला तो तिच्या थोरल्या बहिणीला, हेलेनेला. पसंत केली त्याने धाकटीला. २४ एप्रिल १८५४ रोजी लग्न झाले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. सासू म्हणजे तिची सख्खी मावशी, आर्चडचेस सोफी. मावशी सासू झाली म्हणजे सासुरवास हलका होतो असा आपल्याकडे एक भाबडा समज आहे. तो व्हिएन्नातही खोटा ठरला. पहिली मुलगी झाली तिचे नाव सासूने ठेवले, तेही स्वतःचेच, आणि पाळणा हलविला तो सासूच्या दालनाशेजारी. ती मुलगी १८५७ मध्ये हंगेरीच्या प्रवासात दगावली. आईचे वय तेव्हा एकोणीस.

या घरात एलिझाबेथच्या स्वतःच्या सत्तेचे असे काय उरले होते? काय नेसावे, कोणाशी बोलावे, मुलाला केव्हा जवळ घ्यावे, हे सारे शिष्टाचाराच्या पोथीत लिहिलेले. उरले एक शरीर. त्याला अन्न द्यावे की न द्यावे, त्याला किती दमवावे, एवढे मात्र कोणाला तिच्या हातून काढून घेता येईना. १८५९ साली इटलीत लढाई जुंपली आणि सम्राट तिकडे गेला, तेव्हा ही मागे तासन्‌तास घोडा फेकीत असे, आणि जेवणझोप नावालाच. नवरा रणांगणावरून पत्रांतून विनवण्या करीत होता की, बाई, नीट खा, झोप, आणि घोड्यावर इतकी बसू नकोस. सैन्याला हुकूम सोडणाऱ्या सम्राटाला बायकोच्या ताटासंबंधी विनवण्याच कराव्या लागल्या. १८६० च्या अखेरीस तिची प्रकृती इतकी ढासळली की फुफ्फुसाचा विकार म्हणून तिला दूर मदीरा बेटावर हवापालटासाठी धाडावे लागले.

ती परतली आणि पुढे युरोपातील सर्वांत सुंदर स्त्री म्हणून गाजली. चित्रकार विंटरहाल्टरने १८६५ साली केसांत हिऱ्यांच्या चांदण्या माळलेले तिचे जे चित्र काढले, ते आजही व्हिएन्नात मिठाईच्या डब्यांवर छापलेले दिसते. (मिठाईच्या डब्यावर! नियतीला विनोदाचे वावडे नाही.) १९५५ साली रोमी श्नायडर या नटीचा चित्रपट निघाला आणि ‘सिसी’ हे तिचे घरगुती नाव घरोघरी पोचले. त्या चित्रपटात ती हसते, बागडते, घोड्यावर बसते. वजनकाटा काही त्यात दिसत नाही.

तो वजनकाटा प्रत्यक्षात रोजचा होता. उंची सुमारे १७२ सेंटिमीटर, म्हणजे बाईमाणसाच्या मानाने चांगलीच. वजन पन्नास किलोच्या आसपास, आणि ते तिथून हलू नये यासाठी जन्मभर पहारा. काटा थोडा वर सरकला की ताट आणखी रिकामे. कधी दूध, कधी संत्री, कधी अंडी, तर कधी मांस दाबून काढलेला नुसता रस. ते मांस दाबण्याचे यंत्रही व्हिएन्नात जपून ठेवले आहे. सकाळी कड्या आणि दांडा, मग घोडा, मग तलवारबाजी, मग चालणे. इंग्लंडात आणि आयर्लंडात १८७६ ते १८८२ च्या दरम्यान ती कोल्ह्याच्या शिकारीसाठी वारंवार गेली आणि भल्याभल्या स्वारांना तिने मागे टाकले. पुढे पाठीकमरेच्या दुखण्याने घोडा सुटला, तेव्हा तिने पाय हाती घेतले. सहा-सहा, आठ-आठ तास ती डोंगरातून, पावसातून अशी झपाट्याने चाले की दरबारी सोबतिणी धापा टाकीत मागे पडत. उत्तरायुष्यात सोबतीण निवडताना कुळाइतकाच तिच्या पायांतील बळाचाही विचार करावा लागे. ख्रिस्टोमानोस नावाचा ग्रीक तरुण तिला भाषा शिकविण्यासाठी होता. त्याने लिहून ठेवले आहे की, एकदा बोलावणे आले म्हणून तो दालनात गेला तर पिसांची झालर लावलेला काळा रेशमी पायघोळ पोशाख घातलेली सम्राज्ञी कड्यांना धरून अधांतरी होती. त्या वेळी ती पन्नाशी ओलांडलेली होती.

आपल्या भाषेत अशा माणसाला पायाला भिंगरी लागली आहे असे म्हणतात. बहुधा कौतुकानेच म्हणतात. स्वस्थ बसणारी सून कोणाला आवडली आहे? पण भिंगरी ही आपण होऊन थांबत नसते, हेही त्या शब्दातच आहे.

आता व्हिएन्ना सोडून जरा पॅरिस आणि लंडनकडे वळू. १८७३ हे साल ध्यानात धरावे. एलिझाबेथ त्या वर्षी पस्तिशीची होती आणि व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसच्या शार्ल लासेग या डॉक्टराने आणि ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सर विल्यम गल यांनी, स्वतंत्रपणे, एकाच रोगाचे वर्णन वैद्यकाच्या जगापुढे ठेवले. तरुण मुली, पोटात दुखणे नाही, क्षय नाही, गाठ नाही. आणि तरी अन्न सोडून दिलेले. गल यांनी त्याला जे नाव दिले, ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’, तेच आजतागायत चालू आहे. नावाचा शब्दशः अर्थ ‘मनामुळे भूक नसणे’ असा काहीसा होतो, आणि तो फसवा आहे, कारण भूक असते; मुलगी तिच्याशी झुंजत असते.

हा गल काही लहानसहान वैद्य नव्हता. १८७१ साली विषमज्वराने आसन्नमरण झालेल्या युवराजाला त्याने बरे केले म्हणून राणी व्हिक्टोरियाने त्याला सरदारकी दिलेली. त्याच्या निबंधातील पहिली मुलगी सतरा वर्षांची, क्लॅपहॅमच्या एका डॉक्टराने जानेवारी १८६६ मध्ये पाठविलेली. उंची ५ फूट ५ इंच, वजन ८२ पौंड. नाडी मिनिटाला ५६. जवळजवळ वर्षभर पाळी नाही. हे सगळे टिपून झाल्यावर गल यांनी जे लिहिले ते वाचताना मी पान उलटायची थांबले. इतक्या झिजलेल्या देहाला इतकी हालचाल झेपते कशी आणि रुचते कशी, याचे त्यांना मोठे आश्चर्य वाटले होते. मुलगी अस्वस्थ होती, सतत काही ना काही करीत होती, आणि मला काहीही होत नाही असे सांगत होती. दुसरी मुलगी अठरा वर्षांची. तीही अशीच, घटकाभर एका जागी न ठरणारी. लासेगची नोंद तर याहून बोलकी आहे. उपासाने या मुलींची शक्ती घटलेली दिसत नाही, उलट त्या हलक्याफुलक्या होतात, घोड्यावर बसतात, भेटीगाठींना जातात, पूर्वी ज्या दगदगीची त्या तक्रार केली असती ती आता त्यांना जाणवतच नाही, असा त्याचा आशय आहे.

घोड्यावर बसतात! पॅरिसचा वैद्य आपल्या रोग्यांविषयी हे लिहीत होता, आणि त्याच काळी युरोपातील वृत्तपत्रे ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीच्या घोडदौडीच्या सुरस वार्ता छापत होती. हे दोन कागद कोणी शेजारी शेजारी ठेवले नाहीत. दिवंगत व्यक्तीची नाडी इतिहासकाराला पाहता येत नाही, म्हणून एलिझाबेथला अमुकच रोग होता असा शिक्का मारणे मला पसंत नाही. पण रिकामे ताट आणि न थांबणारे पाय ही जोडी तिच्या चरित्रातून वेगळी काढता येत नाही, एवढे खास. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत तिचे घोटे सुजत, आणि ती सूज उपासमारीची आहे हे पाहून दरबारचा डॉक्टर चकित झाला होता. दुष्काळी मुलखातील भिकाऱ्याच्या पायावर यावी ती सूज पन्नास लाखांच्या दागिन्यांची मालकीण पायावर वागवीत होती असे म्हटले तर लाखांचा आकडा माझा, सूज तिची.

१० सप्टेंबर १८९८ रोजी जिनीव्हात तळ्याकाठी बोटीकडे पायी जाताना लुइजी लुकेनी नावाच्या इटालियन माथेफिरूने कानशीला धार लावून केलेले हत्यार तिच्या छातीत खुपसले. ती पडली, लोकांनी उठविले, आणि कोणी धक्का दिला एवढेच समजून ती शंभरएक पावले चालत बोटीवर चढली. मग कोसळली. कॉर्सेट इतके घट्ट आवळलेले होते की रक्त बाहेर यावयास वेळ लागला. हृदयाला छिद्र पडलेले असताना बाई चालत राहिली.

इकडे वैद्यकाचा प्रवासही विचित्र वाटांनी चालला होता. अमेरिकेत वीर मिचेल या डॉक्टराने १८७७ पासून कृश आणि हळव्या स्त्रियांना आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून, भरपूर खाऊ घालण्याचा उपचार प्रसिद्ध केला. पाय थांबवावे लागतात हे त्याला कळले होते असे वाटते. पण त्याबरोबर त्याने वाचन, लेखन, संभाषण, सारेच थांबविले. शार्लट पर्किन्स गिल्मन या लेखिकेने तो उपचार स्वतः भोगला आणि १८९२ साली ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा लिहून त्याची लक्तरे वेशीवर टांगली. पुढे १९१४ मध्ये हाम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांना एका मृत स्त्रीच्या मेंदूखालची पियुषिका ग्रंथी झिजलेली आढळली, आणि मग वीसपंचवीस वर्षे जी जी मुलगी वाळली तिच्या ग्रंथीला बोल लावण्याची आणि ग्रंथींचे अर्क टोचण्याची साथ आली. गंमत अशी की, ग्रंथी खरोखर बिघडलेला रोगी मलूल पडून असतो. या मुली मात्र जिने चढत-उतरत होत्या. गल यांचे एक वाक्य कोणी लक्ष देऊन पुन्हा वाचले असते तर कित्येकींच्या सुया वाचल्या असत्या.

हे जिने चढणे खरोखरच कोड्यात टाकणारे आहे. उपाशी माणूस गळून पडतो, हा जगाचा अनुभव. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगावयास नको. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज यांनी छत्तीस तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला; त्यांचे वजन चतुर्थांशाने घटले, आणि त्यांना जिना चढणे जिवावर येऊ लागले. मग या मुलींच्या पायांत हे बळ येते कोठून?

उत्तराचा एक धागा सापडला तो उंदरांच्या पिंजऱ्यात. १९६७ साली राउटेनबर्ग आणि कुझनेसॉफ या दोघा संशोधकांनी उंदरांना दिवसातून फक्त एक तास अन्न दिले. ज्या उंदरांना नुसता पिंजरा होता ते काही दिवसांत त्या तासाला सरावले आणि जगले. दुसऱ्यांच्या पिंजऱ्याला पळण्याचे चाक जोडलेले होते. अन्न कमी झाल्यावर यांनी पळणे कमी करावयाचे, तर उलट दिवसेंदिवस ते अधिकच पळू लागले. आणि नवल म्हणजे जेवणाच्या त्या एका तासातही पहिल्यांपेक्षा कमी खाऊ लागले. ते पळून पळून मेले. उंदराला कोणी आरसा दाखविला नव्हता, सासू नव्हती, विंटरहाल्टर नव्हता. उपासाने पळणे वाढले आणि पळण्याने खाणे घटले, असा तो फेरा होता, आणि एकदा त्यात पाऊल पडल्यावर तो स्वतःच्या बळाने फिरत होता.

१९९४ मध्ये शरीरातील चरबीपासून स्रवणाऱ्या लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला. चरबी आटली की ते कमी होते, आणि मेंदूला दुष्काळाची वार्ता पोचते. अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना ते टोचले असता त्यांची ती वेडी धाव मंदावली. काही शास्त्रज्ञांचा तर्क असा की, दुष्काळ पडला की मुलूख सोडून अन्नाच्या शोधात निघण्याची जुनी प्रेरणा काही शरीरांत अजून शाबूत असावी. तर्कच तो, सर्वांना मान्य नाही. पण मला तो पटावासा वाटतो, कारण त्याने दोषाचे ओझे मुलीच्या डोक्यावरून थोडे उतरते. ती हट्टी आहे, नखरेल आहे, तिला नटी व्हायचे आहे, ही घरोघरची निदाने ऐकून माझे कान किटले आहेत. प्रारंभ कशानेही होवो, थट्टेने, दुःखाने, शर्यतीच्या तयारीने. पुढे धावणारी ती एकटी नसते, भुकेलेले शरीर तिला धावडवीत असते.

शर्यतीचा उल्लेख मुद्दामच केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलींना मैदान खुले झाले, ही मोठी आनंदाची गोष्ट; त्यांना पुन्हा ओसरीवर बसवा असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पण मैदानावरही काट्याने पाठ सोडली नाही. १९८४ साली बार्बरा ड्रिंकवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ज्या धावपटू मुलींची पाळी थांबली आहे त्यांच्या कण्याची हाडे ऐन पंचविशीत विरळ झाली आहेत. १९९२ मध्ये अमेरिकेतील क्रीडावैद्यांनी अपुरे खाणे, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडे या तिहींना एका सूत्रात ओवून नाव दिले. दोनच वर्षांनी, २६ जुलै १९९४ रोजी, क्रिस्टी हेनरिच ही अमेरिकेची नामांकित जिम्नॅस्ट बावीस वर्षांची असताना याच रोगाने गेली. काही वर्षांपूर्वी बुडापेस्टच्या स्पर्धेत एका परीक्षकाने तिला वजन कमी करावे लागेल असे सुनावले होते. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जाहीर केले की खर्चाच्या मानाने अन्न कमी पडल्याचे परिणाम हाडांपुरते नाहीत, हृदयापासून मनापर्यंत साऱ्या शरीरावर होतात, आणि मुलगेही त्यातून सुटत नाहीत.

किती व्यायाम म्हणजे अति, असा प्रश्न मला कोणी विचारील. त्याचे उत्तर तासांत देता येत नाही; नृत्य शिकणारी किंवा पोहणारी मुलगी चार तास खपते आणि चार पोळ्याही खाते. ताप असताना जी धावावयास जाते, एक दिवस चुकला तर जिचा जीव कासावीस होतो, खाल्लेला लाडू जी पायऱ्यांवर फेडते, उभ्याउभ्याने अभ्यास करते, तिच्या बाबतीत तास मोजून उपयोग नाही. आपण वडील माणसे मात्र ताटाकडेच पाहतो, आणि ताट चुकविण्याच्या युक्त्या मुलींना पुष्कळ येतात. पहाटेच्या धावण्याला आपण शिस्त म्हणतो आणि शेजाऱ्यांना अभिमानाने सांगतो.

उपचारांच्या इतिहासात एक उलटापालट झाली आहे. गल यांचे ठाम मत होते की, अशा मुलीची शुश्रूषा करावयास आप्तस्वकीय सर्वांत नालायक. तिला परक्यांच्या हाती द्यावे. शंभर वर्षे हे मत प्रमाण होते. १९८७ मध्ये लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील जेराल्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. ज्यांचा आजार एकोणिसाव्या वर्षाच्या आत सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना एकटीवर उपचार करण्यापेक्षा आईबापांना सामील करून घेऊन केलेले उपचार अधिक लागू पडले. या पद्धतीत दोषी कोण याची चौकशी होत नाही. डॉक्टर आईबापांना पानाशेजारी बसवितात. सध्या घास किती हे ती ठरविणार नाही, तुम्ही ठरवा, असे सांगतात. शरीर भरून येईतो धावणे बंद. मग थोडे, मग कोणाच्या तरी सोबतीने. हे महिनोन्‌महिने चालते, आणि त्या घरात रोज रडारड होते.

१८८८ साली गल यांनी ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आणखी एका मुलीची हकीकत छापली. ती चौदा वर्षांची होती, वजन अवघे ६३ पौंड. हातपाय थंड आणि निळसर. आणि तरीही ती रस्त्यातून चालत फिरे, येणारेजाणारे थांबून तिच्याकडे पाहत राहत. गल यांनी तिच्यासाठी गायज्‌ रुग्णालयातून एक परिचारिका ठेवविली आणि दर थोड्या तासांनी हलके अन्न देण्यास सांगितले. सहा आठवड्यांत सुधारणा दिसू लागली. साप्ताहिकात आजारातली आणि बरी झाल्यावरची अशी तिची दोन चित्रे आहेत. दुसऱ्यात गाल भरलेले आहेत. जुलैअखेर गल यांना पत्र आले की, मुलगी बहुतेक बरी आहे, खाण्याची आता कटकट राहिली नाही, परिचारिका जाऊन तीन आठवडे झाले. पत्र मुलीच्या आईचे होते.